टीबीच्या गोळ्या आणि गाभडलेल्या शेळ्या

केसपेपरवर निदान होतं टीबी मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाचा टीबी. चाळिशीचा शेळीपालक. महिनोन्‌महिने संध्याकाळी चढणारा ताप, अंथरूण भिजवणारा घाम, कंबरदुखी. मग डोकेदुखी आणि उजव्या कानाचं बहिरेपण. मणक्यातल्या पाण्यात लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) आणि प्रोटीन वाढलेले, साखर कमी. टीबीत असंच दिसतं. टीबीच्या औषधांनी ताप थोडा उतरलाही होता. पण त्यातलं रिफाम्पिसिन ब्रुसेलालाही, म्हणजे शेळ्या-गुरांना गाभडवणाऱ्या आणि त्यांच्यापासून माणसाला होणाऱ्या जंतूलाही, लागू पडतं, त्यामुळे या उताराला पुरावा म्हणून किंमत नाही.

खटकला तो कान. ब्रुसेला आठव्या, म्हणजे ऐकण्याच्या, नसेला धरतो. शेळ्यांचं विचारलं तर बायको म्हणाली, “औंदा चार गाभडल्या, साहेब. वार ह्यांनीच हातानं ओढली.”

स्टेथोस्कोप लावला तर डायस्टोलमध्ये, म्हणजे हृदय सैल पडताना, मर्मर (जादा आवाज). इकोत महाधमनीच्या झडपेवर हलणारं व्हेजिटेशन (जंतूंचा गोळा) आणि गळती. ब्रुसेलोसिसमध्ये, म्हणजे ब्रुसेलाच्या आजारात, झडप धरली जाते ती शंभरात दोघांचीही नाही, मात्र बहुतेक मृत्यू त्यानेच होतात.

रक्तातला जंतू वाढवून बघायच्या तपासणीच्या, म्हणजे कल्चरच्या, फॉर्मवर ‘ब्रुसेलाचा संशय’ ठळक लिहिलं. हे न लिहिता बाटली पाठवणं म्हणजे लॅबवाल्यांचा घात: जंतू वाढवलेली प्लेट सुरक्षा-कॅबिनेटबाहेर उघडली की जंतू श्वासातून आत जातो. शिवाय तो सावकाश वाढतो, म्हणून बाटली लवकर टाकून द्यायची नसते. ‘रोझ बेंगॉल’ ही रक्ताची झटपट चाचणी काही मिनिटांत पॉझिटिव्ह आली. रक्तद्रव दुप्पट-दुप्पट पातळ करत तपासणाऱ्या ट्यूब टेस्टमध्ये दुसऱ्या दिवशी १:२० ते १:८० नळ्या गढूळच, म्हणजे निगेटिव्ह. १:१६०पासून १:१२८०पर्यंत मात्र वरचं पाणी नितळ आणि तळाशी थर, म्हणजे पॉझिटिव्ह. हा प्रोझोन: अँटिबॉडी फार जास्त असल्या की कमी पातळ केलेल्या नळ्या फसवतात. पहिल्या तीन नळ्यांवर थांबणारी लॅब अशा रुग्णाला सरळ निगेटिव्ह रिपोर्ट देते.

औषधांत खरी ओढाताण होती. झडपेसाठी जेंटामायसिन हवं, पण ते मेंदूच्या पाण्यात नीट उतरत नाही आणि उरलेला कानही घालवू शकतं. म्हणून सेफ्ट्रिअॅक्सोन २ ग्रॅम दर १२ तासांनी शिरेतून, डॉक्सीसायक्लिन १०० मिलिग्रॅम दोनदा आणि रिफाम्पिसिन चालूच.

ईसीजी दररोज, पीआर (हृदयाच्या वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात विद्युतसंदेश पोहोचायला लागणारा वेळ) मोजण्यासाठी. तो लांबला तर झडपेच्या मुळाशी गळू होऊन हृदयाची विद्युतवाट दाबली जात असल्याची शंका घ्यायची. इथे पहिल्याच पट्टीत तो २२० मिलिसेकंद, म्हणजे लांबलेला, भरला. अन्ननलिकेतून इको केला, गळू दिसलं, आणि झडप बदलायचं ठरलं. शस्त्रक्रिया झाली तरी गोळ्या काही महिने सुटत नाहीत. बायको-मुलंही त्याच शेळ्यांचं कच्चं दूध पीत होती. त्यांचंही रक्त त्याच दिवशी तपासायला पाठवलं.