विजापूरचा तट: बाहेरून दगड, आतून माती

सोलापूरहून विजापूरला जाणारी मंडळी बहुधा संध्याकाळी परत निघतात. गोल घुमट, इब्राहिम रोजा, मलिक-ए-मैदान, वेळ उरला तर जामा मशीद, की झालं. यातली मलिक-ए-मैदान तोफ पाहताना आपण शहराच्या तटावरच उभे असतो, हे कित्येकांच्या ध्यानातही येत नाही. तोफेबरोबर फोटो काढायचा आणि आल्या पायऱ्यांनी खाली उतरायचं. पण त्या बुरुजाच्या दोन्ही अंगांना जो तट सुटतो, तो जवळजवळ दहा किलोमीटरचा वळसा घेऊन पुन्हा त्याच बुरुजाला येऊन मिळतो. मधे कुठे रस्त्यासाठी फोडलेला, कुठे घरांमागे दडलेला, पण बराचसा अजून उभा. दख्खनच्या एका राजधानीचा एवढा तट शिल्लक आहे आणि आपण तो तोफेचा ओटा म्हणून वापरतो.

अली आदिलशहा पहिला (कारकीर्द १५५८ ते १५८०) याच्या काळात हा तट झाला. विजयनगरला हरवणारी तालिकोटची लढाई १५६५ ची, म्हणजे पैसा, मनुष्यबळ आणि आत्मविश्वास तिन्ही हाताशी असतानाचं हे काम. घेर सव्वासहा मैल. बुरूज ९६, आणि दरवाजांच्या बगलेचे आणखी दहाएक वेगळे. उंची सारखी नाही: कुठे ३० फूट, कुठे ५०. जाडी सरासरी २० फूट. बाहेर ४० ते ५० फूट रुंद खंदक. आणि या सगळ्याच्या पोटात, शहराच्या मध्याशी, आर्किल्ला म्हणजे राजवाड्यांचा बालेकिल्ला. त्याला स्वतःचा तट आणि स्वतःचा खंदक. बाहेरचा तट पडला तरी दरबाराला आणखी काही दिवस मिळावेत, अशी ही सोय.

आता २० फूट जाडी म्हटलं की २० फूट दगड डोळ्यांसमोर येतो. तसं नाही. तट म्हणजे दोन भिंती. बाहेरची उंच आणि भक्कम, आतली शहराकडची बुटकी, आणि दोन्हींच्या मधे चोपून चोपून बसवलेला मातीचा भराव. भरावाच्या माथ्यावर चुन्यातलं दगडी बांधकाम करून चालायची वाट केली. गडकिल्ल्यांच्या भाषेत ती फांजी. फांजीच्या बाहेरच्या कडेला साधारण दहा फूट उंचीची कठड्याची भिंत, एका बुरुजापासून दुसऱ्यापर्यंत सलग. तिच्यात जंग्या, म्हणजे मारा करायची भोकं: बंदुकीसाठी लहान, तोफेसाठी मोठी.

मातीचा भराव म्हणजे काटकसर असं कुणाला वाटेल. काटकसर आहेच, पण तोफेच्या जमान्यात ते शहाणपणही होतं. नुसत्या दगडी भिंतीवर गोळा बसला की हादरा थेट मागच्या दगडापर्यंत जातो आणि चिरे निसटतात. मागे चोपलेली माती असली की ती मार गिळते. समोरचे चार-दोन चिरे फुटतील, तट ढासळत नाही. शिवाय खंदक खणताना निघालेला मुरूम आणि माती लांब नेऊन टाकायचे कष्टही वाचतात. दगड इथलाच, दख्खनचा काळा पाषाण, तो आणायला लांब जावं लागलं नाही.

हा तट बघण्यातली खरी गंमत मात्र सांध्यांमध्ये आहे. बादशहाने तटाचे तुकडे आपल्या सरदारांना वाटून दिले होते. ज्याने त्याने आपला तुकडा आपल्या माणसांकडून आणि आपल्या ऐपतीप्रमाणे बांधायचा. काही बुरुजांवर तसे शिलालेखही आहेत. म्हणून बाहेरून चालताना थराची उंची एकदम बदलते. इथपर्यंत चिरे नीट घडवलेले, दरजा म्हणजे चिऱ्यांमधल्या सांधी बारीक, आणि चार पावलांवर ओबडधोबड दगड, फटींत चिपा कोंबलेल्या. बुरूजही एका साच्यातले नाहीत. अशी जागा सापडली की तिथे दोन तुकड्यांचा जोड आहे का, ते शोधावं. उभी रेघ सरळ वरपर्यंत जात असेल, म्हणजे दोन्हींकडचे चिरे एकमेकांत अडकवलेलेच नसतील, तर तो नक्कीच जोड. चिरे एकमेकांत गुंतलेले आणि फक्त दगड वेगळा दिसत असेल, तर बहुतेक नंतरची दुरुस्ती. हे दोन्ही ओळखता यायला लागलं की तासाभराची फेरी तीन तासांची होते, हे आधीच सांगून ठेवतो.

या वाटणीतून सुटलेला एक सरदार म्हणजे हैदरखान. तट बांधला जात असताना तो बाहेर मोहिमेवर होता, परत आल्यावर आपल्या नावाचा बुरूज नाही म्हणून खट्टू झाला, तेव्हा त्याला सगळ्यांहून उंच बुरूज बांधायची परवानगी मिळाली, अशी कथा आहे. कथा खरी असो नसो, बुरूज आहे: उपली बुरूज, १५८४ च्या सुमाराचा, सुमारे ८० फूट उंच, तटावर नव्हे तर तटाच्या आत, एकटाच उभा. पायऱ्या बाहेरच्या अंगाने गोल फिरत वर जातात. वर दोन लांब तोफा आहेत, त्यातली लांबचरी ३० फूट ८ इंचांची, तोंड जेमतेम फूटभर. इतक्या उंचीवरून ती लांबवर मारा करणार हे उघड आहे, पण शत्रू खंदकाच्या काठाशी आला की तिचा काही उपयोग नाही; ८० फुटांवरून तोफेचं तोंड तेवढं खाली झुकत नाही. टेहळणीला मात्र याहून चांगली जागा शहरात नव्हती.

लांबचरी ओतीव नाही. लोखंडाच्या लांब पट्ट्या पिंपाच्या फळ्यांसारख्या उभ्या जुळवायच्या आणि त्यांवर तापवलेली कडी एकामागून एक चढवत जायची. कडं थंड झालं की आवळतं. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवतात तीच युक्ती. दक्षिणेकडच्या लांडा कसाब बुरुजावरची तोफही याच जातीची: लांबी २१ फूट ७ इंच, वजन अंदाजे ४७ टन. तिच्या तोंडाशी जाऊन कड्यांचे थर मोजता येतात.

मलिक-ए-मैदानची गोष्टच वेगळी. ती घंटेच्या धातूची, एकसंध ओतलेली. लांबी अवघी १४ फूट ४ इंच, पण तोंडाचा आतला व्यास २ फूट ४ इंच आणि वजन सुमारे ५५ टन. १५४९ साली अहमदनगरला मुहम्मद बिन हसन रूमी याने ती ओतली, निजामशाहीसाठी. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यात होती आणि तिथून १६३२ मध्ये आदिलशाही सरदार मुरारपंताने ती विजापूरला आणली. म्हणजे धाराशिव जिल्ह्यातला परांडा पाहणाऱ्याने विजापूर पाहिलंच पाहिजे, आणि उलटही. तोंडावर सिंहाचा जबडा आहे आणि दातांत चिरडलेला हत्ती. तो बाजूने वाकून बघावा लागतो, समोरून कळत नाही. १८४८ मध्ये सातारचं राज्य खालसा झालं, त्याबरोबर विजापूरही कंपनीकडे गेलं. १८५४ मध्ये जुन्या निरुपयोगी तोफा विकून टाकायचा हुकूम सुटला तेव्हा मलिक-ए-मैदानला सगळ्यात वरची बोली आली १५० रुपयांची. रक्कम फारच क्षुल्लक वाटली आणि लोकांचा तोफेवर भावही होता, म्हणून विक्री रद्द झाली. ५५ टन धातू, १५० रुपये. मोडीच्या भावातही ते बसत नव्हतं.

मोठे दरवाजे पाच: पश्चिमेला मक्का, वायव्येला शहापूर, उत्तरेला बहमनी, पूर्वेला अल्लापूर आणि दक्षिणेला मंगोली ऊर्फ फतेह दरवाजा. दरवाजाची जागा म्हणजे तटाची दुखरी बाजू, म्हणून तिथे दुहेरी बंदोबस्त. दोन्हींकडे बुरूज, जाड लाकडी फळ्यांना हत्तीच्या कपाळाच्या उंचीला लोखंडी खिळे. आडणा, म्हणजे दार आतून अडवायचा आडवा वासा, सरकवायची भोकं भिंतीत दिसतात का ते कुठल्याही जुन्या दरवाजात आधी पाहावं. दरवाजा मूळ जागेवर आहे की नंतर हलवलाय, ते त्यावरून समजतं.

मग एवढा तट कामाला आला का? कसोटीचे दोन प्रसंग पाहू. पहिला, पुरंदरच्या तहानंतर मिर्झाराजे जयसिंग विजापूरवर चालून आला तेव्हा. शिवाजी महाराजही तेव्हा त्याच्या बरोबर होते. डिसेंबर १६६५ अखेर मोगल फौज शहरापासून दहा-बारा मैलांवर पोचली आणि तिथेच अडकली. आदिलशाहीने तटाबाहेर सहा मैलांच्या टापूत झाडं तोडली होती, विहिरी बुजवल्या आणि नासवल्या होत्या, तलाव फोडून रिकामे केले होते. जयसिंगाकडे वेढ्याच्या मोठ्या तोफाही नव्हत्या. जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात त्याने माघार घेतली. तटावर गोळा पडायची वेळच आली नाही. तट टिकायचा तर समोरच्याला बाहेर पाणी मिळता कामा नये आणि आपल्याला आत कमी पडता कामा नये. मक्का दरवाजाजवळची ताज बावडी (१६२०) बघताना हे लक्षात ठेवावं: ती साधारण २२३ फूट चौरस आणि ५२ फूट खोल आहे, आणि तटाच्या आत आहे.

दुसरी कसोटी औरंगजेबाची. एप्रिल १६८५ मध्ये वेढा पडला, पुढच्या वर्षी बादशहा स्वतः येऊन थांबला. मोगलांचे मोर्चे, म्हणजे वेढ्याचे चर, खंदकाच्या काठापर्यंत आले, पण खंदक बुजवणं काही जमेना. बुजवायला पुढे जाणारा माणूस थेट जंग्यांच्या माऱ्यात सापडे. लांडा कसाब बुरुजाच्या अंगावर गोळ्यांचे घाव अजून आहेत. चिऱ्यांचे टवके उडालेत, बुरूज जागचा हललेला नाही. शेवटी दुष्काळ आणि उपासमार यांनी काम केलं. बाहेरून कुमक येण्याची आशा संपली आणि १२ सप्टेंबर १६८६ ला सिकंदर आदिलशहा शरण आला. मंगोली दरवाजाचं नाव फतेह दरवाजा झालं ते यानंतर. भगदाड पाडून आत शिरल्याचा विजय तो नव्हे.

तोफांनी जे झालं नाही ते आता पाऊस करतो आहे. फांजीवरचा चुन्याचा थर फुटला की पाणी थेट भरावात मुरतं. ओली माती फुगते, जड होते आणि बाहेरच्या भिंतीला ढकलते. भिंतीला आधी पोट सुटतं, मग त्या फुगवट्याच्या वरच्या बाजूला आडवी भेग येते, आणि एखाद्या जोराच्या पावसानंतर तेवढा तुकडा सालपट निघाल्यासारखा खंदकात येतो. मागे मातीचा उभा कडा उरतो. असा पडलेला भाग म्हणजे अभ्यासाला उत्तम, कारण दोन भिंती आणि मधली माती हा सगळा छेद आयता दिसतो. त्याच्या कडेवर चढू मात्र नये. वरून घट्ट वाटते ती फांजी खालून पोकळ झालेली असते.

दुसरा शत्रू पिंपळ. दरवर्षी फांद्या छाटल्या जातात आणि काम झालं असं समजतात. फांद्या छाटल्या की मुळं आणखी जोर धरतात. मूळ उपटून काढणं तर त्याहून वाईट, कारण ते चिऱ्यांच्या मागे फिरलेलं असतं आणि येताना चिरे घेऊन येतं. बुंधा कापून, औषध लावून मूळ जागच्या जागी मरू द्यायचं, आणि वाळल्यावर पोकळीत पातळ चुना सोडून ती भरायची, हा खरा मार्ग. वेळ लागतो, आणि त्याचा फोटो छान येत नाही.

तिसरी चूक आपल्या हातची: सिमेंट. दरजा सिमेंटने भरल्या की भिंत नवी दिसते, पण आतलं पाणी बाहेर पडायच्या वाटा बंद होतात. मग ते दगडातून झिरपतं, दगडाचे पापुद्रे सुटतात आणि सिमेंट तेवढं शाबूत राहतं. चुन्याची दरज उलट वागते, स्वतः झिजते आणि दगड वाचवते. त्यासाठी चुना नीट विरवलेला हवा, वाळू धुतलेली हवी, सुरखी म्हणजे विटांची भुकटी, ती खरोखर भाजल्या विटांची हवी, आणि काम झाल्यावर दोन-तीन आठवडे ते ओलं ठेवायला हवं. कंत्राटाची मुदत संपत आली की पहिली काट याच ओलाव्याला लागते, आणि पुढच्या उन्हाळ्यात दरज बोटाने खरवडली तरी भुगा होते.

पाहायला जाणार असाल तर पश्चिमेकडून सुरुवात करा: मक्का दरवाजा, तिथून उत्तरेला मलिक-ए-मैदानचा शर्जा बुरूज, मग शहापूर दरवाजाच्या दिशेने जमेल तितकं, पण तटाच्या बाहेरून. खंदकाच्या कडेला गवत आणि कचरा असतो, पायात बूट हवेत, पावसाळ्यात नकोच. पश्चिमेच्या तटाला संध्याकाळी सोनेरी ऊन पडतं आणि फोटोला ते झकास. फुगवटे बघायचे तर मात्र दुपारी साडेबारा-एकला जा. तेव्हा ऊन भिंतीला घासून जातं, आणि सकाळी सपाट वाटलेल्या तटाची पोटं एकेक करून सावल्यांनिशी पुढे येतात.