खजूर नको, मला लोह काढायचंय

मला थॅलेसेमिया मेजर आहे असं नव्या ओळखीत सांगितलं, की पुढचं वाक्य ठरलेलं: "म्हणजे हिमोग्लोबिन कमी ना? मग खजूर खात जा." कुणी बीट सुचवतं, कुणी गूळ-शेंगदाणे. शेजारच्या काकूंनी तर मला लोखंडी कढईच आणून दिली. ती वहिनीकडे गेली, तिची भेंडी त्यात फार छान होते. काकूंना कसं सांगायचं, की माझ्या अंगात लोह कमी नाही, नको तेवढं आहे, आणि ते काढायला मी रोज गोळ्या घेते!

हिशेब सरळ आहे. माझ्या शरीराला धड तांबड्या पेशी बनवता येत नाहीत, म्हणून दर तीन आठवड्यांनी दोन पिशव्या रक्त चढवावं लागतं. एका पिशवीत साधारण 200 ते 250 मिलिग्रॅम लोह. शरीर दिवसाला बाहेर टाकतं जेमतेम 1-2 मिलिग्रॅम, तेही पेशी झडतात त्यांच्याबरोबर. जास्तीचं लोह ओळखून हाकलायची सोय निसर्गाने ठेवलेलीच नाही. म्हणजे वर्षाला सुमारे 7 ग्रॅम आत येतं, आणि धडधाकट माणसाच्या अख्ख्या देहात मिळून असतं 3-4 ग्रॅम. हे लोह यकृतात साठतं, मग हृदयात, स्वादुपिंडात, थायरॉइडमध्ये, मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीत. आमच्यातल्या कुणाची उंची खुंटते, कुणाला ऐन तारुण्यात मधुमेह होतो, कुणाची पाळी सुरूच होत नाही. नियमित रक्त मिळणारी मुलंही पूर्वी तरुणपणीच जायची, ती बहुतेक हृदयात साठलेल्या लोहापायी.

रक्तदान शिबिरांचे फलक चौकाचौकात लागतात. लागावेतच, मी त्या रक्तावर जगते. पण रक्ताबरोबर आलेलं लोह बाहेर कसं काढायचं, हे नव्या आईवडिलांना कुणी बसवून सांगतं का? पिशवी मिळाली की घरचे सुटकेचा श्वास टाकतात, तिथेच गाडी अडते.

माझं लहानपण डेस्फेरालवर गेलं. म्हणजे डेफेरॉक्सामिन: स्ट्रेप्टोमायसिस पिलोसस नावाच्या जिवाणूपासून मिळवलेलं, 1960च्या दशकापासून वापरात असलेलं, लोह बाहेर काढणारं औषध. तोंडाने घेऊन उपयोग नाही आणि रक्तात ते टिकतही नाही, म्हणून कातडीखाली सुई ठेवून पंपाने सावकाश द्यायचं, 8 ते 12 तास, आठवड्यातल्या पाच-सहा रात्री. आईची भांडी आवरून झाली की ती हात धुऊन कुपी काढायची. आत पांढरी पूड, 500 मिलिग्रॅम. त्यात 5 मिली पाणी सोडायचं आणि कुपी हलवायची नाही, दोन तळव्यांत घोळवायची, म्हणजे फेस होत नाही. मग सिरिंज भरायची, टिचकी मारून बुडबुडे वर काढायचे, बटरफ्लाय सुई पोटावर, आज डावीकडे तर उद्या उजवीकडे, वर चिकटपट्टी. पंप उशीशेजारी घरघरत राहायचा. सकाळी सुईच्या जागी हुळहुळणारी गाठ, आणि लघवी लालसर. ती लाली दिसली की आई खूश. "निघतंय बघ!"

हे जवळपास रोज रात्री, वर्षानुवर्षं. किशोरवयात किती जणांनी पंप कपाटात टाकून दिले, त्याची मोजदाद नाही. मी त्या मुलांना दोष देणार नाही. सहलीला जायचं तर पंप न्यायचा, मावशीकडे राहायला जायचं तर कुप्या न्यायच्या. औषध उत्तम होतं, आयुष्यात बसत नव्हतं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर केलफर आलं, म्हणजे डेफेरिप्रोन. तोंडाने घ्यायची कॅप्सूल! एरवी परदेशातलं औषध आपल्याकडे यायला वर्षं लागतात, इथे उलटं झालं: भारतात आधी, युरोपात 1999 साली, अमेरिकेत थेट 2011 साली. हृदयातलं लोह काढण्यात हे पटाईत. पण दिवसातून तीनदा घ्यायचं, सांधे दुखतात, आणि शंभरात एखाद्याच्या पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत उतरतात. म्हणून वरचेवर सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजायची तपासणी. डेफेरिप्रोन चालू असताना ताप आला किंवा घसा धरला, तर क्रोसिन घेऊन झोपायचं नाही. कॅप्सूल थांबवायची, त्याच दिवशी सीबीसी करायची आणि डॉक्टरांना फोन करायचा. हे मी भेटेल त्या आईला सांगते, तिला कंटाळा येईपर्यंत.

आता मी डेफेरासिरॉक्सवर आहे. अमेरिकेत त्याला 2005 साली मान्यता मिळाली, आणि पंपवाल्यांच्या जगात जणू सुट्टी लागली, कारण दिवसातून एकदाच. सुरुवातीच्या गोळ्या पाण्यात विरघळवून उपाशीपोटी प्यायच्या. विरघळतात कसल्या, खडूच्या पुडीसारख्या पेल्याच्या तळाशी बसतात. पुन्हा थोडं पाणी घालून तोही गाळ प्यायचा, कारण औषध त्यातच असतं. नंतर अर्धा तास काही खायचं नाही. यात लोह लघवीतून जात नाही, शौचावाटे जातं, त्यामुळे 'निघतंय बघ' म्हणायला डोळ्यांना काही दिसत नाही. किडनी आणि यकृत मात्र तपासत राहावं लागतं. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारायचं, मग गोळी.

तिन्हींत श्रेष्ठ कोणतं, हा वाद आमच्यात रंगतो. मला तो फोल वाटतो. लोह कुठे किती साठलंय यावर डॉक्टर औषध ठरवतात, कधी दोन एकत्रही देतात. त्यासाठी फेरिटिनच्या, म्हणजे लोहसाठ्याचा अंदाज देणाऱ्या रक्ततपासणीच्या, एका आकड्यावर विसंबू नये. साधा संसर्ग झाला तरी फेरिटिन चढतं आणि घरात रडारड होते. 1000च्या खाली ठेवा म्हणतात ते ठीक, पण बघायचा असतो कल. हृदयाचं खरं चित्र टी-टू-स्टार नावाचा एमआरआय देतो, त्यात आकडा जितका कमी तितकं लोह जास्त: 20 मिलिसेकंदांच्या वर असेल तर निश्चिंत, 10च्या खाली गेला तर त्याच आठवड्यात डॉक्टरांपुढे जाऊन बसायचं. हा एमआरआय सगळीकडे होत नाही, ही आमची मोठी रड. दुसरी रड, सरकारी दवाखान्यात फुकट मिळणाऱ्या गोळ्यांचा साठा मधूनच संपतो, आणि "पुढच्या आठवड्यात या" ऐकावं लागतं. लोह काही पुढच्या आठवड्यापर्यंत थांबत नाही.

काल एका आईचा मेसेज आला: मुलगा गोळीचं पाणी थुंकतो, दुधात देऊ का? दुधात नाही, फसफसणाऱ्या सोड्यातही नाही. विरघळणारी गोळी संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या रसात चालते. नवी फिल्मकोटेड (पातळ आवरणाची) गोळी मिळत असेल तर ती कुटून थोड्या दह्यात कालवून लगेच भरवता येते. पण दोन्हींचा डोस सारखा नसतो, बदलायच्या आधी डॉक्टरांकडून मिलिग्रॅम लिहून घ्या.