क्रशरच्या आधीचा हिरा

गोव्यातल्या डिचोली-सांगेच्या लोहखनिजाच्या खाणपट्ट्यात वावरलेल्या माणसाला बोट्सवानातली हिऱ्याची खाण पहिल्या नजरेत ओळखीचीच वाटेल. खाणीच्या उतारावरचे पायऱ्यांसारखे तेच बेंच, तेच डंपर, धूळ बसवत फिरणारे तेच पाण्याचे टँकर. खरा फरक सुरू होतो तो प्लांटमध्ये. आपल्याकडे लम्प (मोठी ढेकळे) फुटून फाइन्स (बारीक चुरा) झाले तर भाव उतरतो, पण माल बार्जमध्ये चढतोच. हिऱ्याचे तसे नाही. मोठ्या दर्जेदार खड्याला कॅरेटमागेच जास्त भाव मिळतो. एकाचे चार झाले की वजन तेवढेच, पैसे मात्र गेले.

आणि हिरा फुटतो, बरे का. कठीण म्हणजे त्यावर ओरखडा उठत नाही, इतकेच. स्फटिकात चिरण्याच्या चार दिशा ठरलेल्या असतात. त्या रेषेत फटका बसला की सरळ दोन तुकडे.

लेतल्हाकानेजवळच्या कारोवे खाणीत 100 टन किंबरलाइटमागे, म्हणजे हिरे असलेल्या खडकामागे, साधारण 12 ते 15 कॅरेट हिरे मिळतात. एक कॅरेट म्हणजे 0.2 ग्रॅम, तेव्हा दहा-बारा टिपर भरून खडक उपसायचा तो जेमतेम 3 ग्रॅमसाठी. बारीक हिरे सुटे करायला खडक बारीक करावाच लागतो, आणि बारीक करताना मोठा हिरा जातो. सगळी ओढाताण इथेच आहे.

जुनी पद्धत अशी: खडक फोडायचा, धुवायचा, मग फेरोसिलिकॉनची बारीक पूड कालवलेल्या पाण्याबरोबर सायक्लोनमध्ये, म्हणजे गरगर फिरवून जड-हलके वेगळे करणाऱ्या शंकूत, सोडायचा. हिऱ्याची घनता 3.52, किंबरलाइट त्याहून बराच हलका. हलके वरून निघून जाते, जड खाली उतरते. हिऱ्याबरोबर गार्नेट आणि इल्मेनाइटही उतरतात, त्यातून हिरा वेगळा काढायला क्ष-किरणांत चमकणारे खडे टिपणारे यंत्र किंवा ग्रीसचा पट्टा. हिऱ्याला पाणी धरत नाही म्हणून तो ग्रीसला चिकटतो, ओला दगड घसरून जातो. वरच्या थरातला कुजलेला, चिकणमातीसारखा किंबरलाइट आला की सायक्लोनमधले मिश्रण दाट होते आणि हिरे हलक्या मालाबरोबर वाहून जातात. पण खरी गोम क्ष-किरण यंत्रात आहे. अतिशुद्ध, नायट्रोजन जवळजवळ नसलेले हिरे (टाइप टू-ए) फार मंद चमकतात, आणि सगळ्यात मोठे, सगळ्यात महाग खडे बहुतेकदा याच जातीचे. म्हणजे जो टिपायचा तोच नजरेतून सुटण्याचा धोका!

कारोवेने 2015मध्ये एक्सआरटी यंत्रे बसवली. ही चमक पाहत नाहीत. क्ष-किरण दगडातून किती आरपार जातात ते मोजतात. हिरा निव्वळ कार्बन, अणुक्रमांक 6. सिलिकॉन-लोह असलेला खडक किरण अडवतो, हिरा जाऊ देतो. तो दिसला की हवेचा झोत त्याला पट्ट्यावरून बाजूला उडवतो. त्याच वर्षी 1,109 कॅरेटचा लेसेदी ला रोना सापडला. 373 कॅरेटचा आणखी एक हिरा त्याचाच तुटलेला भाग असल्याचे नंतर उघड झाले. मग 2017मध्ये खडक फोडणारा प्राथमिक क्रशर आणि तो बारीक दळणारी मिल यांच्यामध्येच एक्सआरटी बसवून मोठे खडे मिलमध्ये जाण्याआधीच उचलायची सोय झाली. 2024चा 2,492 कॅरेटचा खडा, म्हणजे सुमारे अर्धा किलो, अख्खा हाती आला तो अशाच यंत्रामुळे. 1905च्या कलिन हिऱ्यानंतर एवढा मोठा रत्नहिरा मिळाला नव्हता.

प्लांटमधून हिरे निसटत नाहीत ना, हे तपासायला हिऱ्याच्याच घनतेचे रंगीत प्लास्टिकचे ठोकळे मोजून सोडतात. त्यातले काही हलक्या मालाबरोबर बाहेर पडले की आधी पंपाचा दाब, मग मिश्रणाची घनता, मग झिजलेला सायक्लोन पाहायचा. तोवर निघालेली टेलिंग (हिरे काढून उरलेला माल) वेगळी टाकून ठेवलेली बरी. लेतल्हाकानेला डेब्स्वाना कंपनीने जुन्या टेलिंगसाठी वेगळा प्लांटच उभारला. आपल्याकडचे जुने डंप पुन्हा विचारात आले ते कमी प्रतीच्या खनिजालाही गिऱ्हाईक मिळू लागले म्हणून. तिथे टेलिंगमध्ये चांगल्या प्रतीचेच हिरे राहून गेलेले असू शकतात.