देवावर सोडलंय, आणि वकीलही केलाय

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, सुटल्यावर चर्चच्या आवारात, लग्नाच्या मांडवात, परवा तर दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसले होते तिथेसुद्धा, ठिकाण बदलतं, प्रश्न तोच. "तू मुलांना धर्मशिक्षण देतेस, रोज रोझरी म्हणतेस आणि सख्ख्या भावाला वकिलाची नोटीस? देवावर सोडायचं होतंस गं."

वाडी कुठली, गुंठे किती, बावखलाच्या, म्हणजे गोड्या पाण्याच्या तळ्याच्या, बाजूला भाव काय चाललाय, हे वसईत तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. ते सोडते. पप्पांनी मृत्युपत्र केलं नव्हतं, एवढंच सांगते. अशा वेळी आपल्या ख्रिस्ती लोकांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. एक तृतीयांश विधवेचा, उरलेल्यात मुलगा-मुलगी सारखे. केरळातल्या ख्रिस्ती बायकांना हेच मिळवायला मेरी रॉय यांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. निकाल १९८६ चा, आणि त्यांचंही भांडण भावाशीच होतं. आपल्याकडे हा हक्क आयता आहे, आणि आपण तो आयताच सोडतो. एका साडीवर.

तर ती संध्याकाळ. पप्पांची महिन्याची मिस्सा झाली होती. घरी रोझरी संपली, पाहुण्यांना चहा गेला, आणि दादाने टेबलावरचा फोटो थोडा बाजूला सरकवून तिथे हक्कसोडपत्र ठेवलं. टाइप करून तयार. उद्या सकाळी दुय्यम निबंधकाकडे जायचं, गाडी सांगितलेली. शेवटच्या पानावर सह्यांच्या जागी पेन्सिलीने फुल्या मारल्या होत्या, आईच्या फुलीपाशी "आई" आणि माझ्यापाशी "ताई" असं वहिनीच्या अक्षरात. मजकुरात लिहिलं होतं की आम्ही दोघी हे स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय, विनामोबदला करत आहोत. दबाव म्हणावा तर कोणी आवाजसुद्धा चढवला नव्हता. आत्या म्हणाली, "प्रार्थना केलीसच आता, त्याच मनाने सही करून टाक." दादा म्हणाला, "पप्पांसमोर होऊ दे."

आईने सही केली. जपमाळ तिच्या डाव्या हातातच होती, ती खाली ठेवायचंही तिला सुचलं नाही. चष्मा न लावता केली, त्यामुळे सही फुलीच्या वरच्या ओळीवर गेली. दादाने नुसतं "चालेल" म्हटलं.

मी म्हणाले, "मी वाचून देते."

घरात अशी शांतता पसरली की बाहेर उभे असलेले भाचेही आत डोकावले. वाचून देते, एवढंच म्हटलं होतं मी. नाही म्हटलं नव्हतं. कागद पिशवीत घालून घरी आणला. त्यानंतर दादाचा फोन आला नाही, नाताळला कुसवार, म्हणजे फराळाचं ताट, आला नाही. धर्मग्रामातल्या फादरांनी दोघांना बोलावलं, एकत्र प्रार्थना घेतली आणि व्यवहाराचं बाहेर बघा म्हणाले. मग मी बाहेर बघितलं.

तुम्हीच मला लूकच्या शुभवर्तमानातला बारावा अध्याय ऐकवता. गर्दीतला एक जण येशूला म्हणतो, माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांगा. येशू विचारतो, तुमच्यावर वाटणी करणारा म्हणून मला कोणी नेमलं? मी हा उतारा वकिलाकडे जाण्याआधी कितीतरी वेळा वाचला. वाटणीचं काम त्याने स्वतःच अंगावर घेतलं नाही, मग ते मी दिवाणी न्यायालयावर सोपवलं तर त्याचा अपमान कुठे झाला? पण लगेच पुढे तो लोभापासून जपायला सांगतो, आणि तिथे मी अडते. गुंठ्याचा भाव मला माहीत नसता तर मी सही केली असती का? बहुतेक केली असती. हे दादाच्या वकिलाला सांगू नका.

सलाफहादच्या मुलींबद्दल मात्र मला कोणी काही ऐकवत नाही. बायबलातल्या गणना या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा या पाच बहिणी मोशे, याजक आणि सगळ्या मंडळीसमोर उभ्या राहून बापाच्या वतनातला वाटा मागतात. मोशे परमेश्वराला विचारतो, आणि परमेश्वर म्हणतो, मुली बरोबर बोलत आहेत. त्यांना भाऊ नव्हता हे मान्य. तुम्ही म्हणण्याआधी मीच म्हणते.

आणि संत मोनिका! "तिच्यासारखं रडावं, वाट बघावी." अहो, मोनिका नुसती रडत बसली नव्हती. भरकटलेल्या मुलाशी बोला म्हणून ती एका बिशपच्या इतकी मागे लागली की तो वैतागला. तो मुलगा, ऑगस्टिन, तिला चकवून जहाजाने रोमला निघून गेला, तर ही समुद्र ओलांडून मिलानला त्याच्या पाठोपाठ हजर. आजची असती तर तुम्ही तिलाही म्हणाला असतात, देवावर सोड.

खरं सांगायचं तर तुमच्यापेक्षा जास्त छळते ती पंचविशीतली मी. बुधवारी नोकरीवरून परस्पर माहीमच्या चर्चला नोव्हेनाच्या प्रार्थनेला जायची, दादाचं पिणं सुटू दे म्हणून अर्ज लिहून टाकायची. आणि सुटलं. तेव्हापासून तिची खात्री, की मागितलं की मिळतं, मिळालं नाही तर मागण्यात खोट. ती म्हणते, तुझा विश्वास पातळ झालाय, म्हणून वकील लागला. मी तिला म्हणते, तू देवाला काम नेमून द्यायचीस. मी आता दादाचं नाव घेते आणि पुढे काय मागावं ते सुचत नाही, तरी नाव घ्यायचं सोडत नाही. कोणाचा विश्वास जाड? तिला पटत नाही. मलाही रोज पटतं असं नाही, कारण दादा सुटला होता, ते काही खोटं नव्हे.

काही रात्री मी खटला जिंकू दे असंच मागते, सरळ. काही रात्री दादाला शुगर आहे, ती आटोक्यात राहू दे म्हणते. एकदा दोन्ही एकाच दमात मागितलं.

आईने सही केलेला तिचा तिसरा हिस्सा आता कसा धरायचा, यावर वकील अजून नीट बोलत नाहीत. आई मला विचारते, दादा काय म्हणतो. त्याला विचारते, ताई काय म्हणते. ती कोणाकडे काय मागते, मला माहीत नाही.

एक विनंती. हा प्रश्न आता एकदा दादालाही विचारा. तोही दर रविवारी मिस्साला असतो, पुढून तिसऱ्या बाकावर. त्याला म्हणा, ताईचा वाटा तूच देवावर का नाही सोडलास. काय म्हणतो ते मला सांगा, मला खरंच ऐकायचं आहे.