तुम्ही विचारलंत म्हणून: टिनटिन थांबला, मग स्पिरू कसा चालू राहिला?

फ्रेंच शिकवते म्हटल्यावर मुलांचे आईवडील व्याकरणाआधी कॉमिक्सचंच विचारतात. प्रश्न ठरलेला: ‘टिनटिनची चोवीसही पुस्तकं वाचून झाली. नवीन का येत नाहीत? आणि त्याच बेल्जियमच्या त्या लाल टोपीवाल्या पोराची, स्पिरूची, कशी येत राहतात?’

थोडक्यात उत्तर द्यायचं तर सातबारा कोणाच्या नावावर आहे ते बघा. टिनटिन त्याला काढणाऱ्या हेर्जे या चित्रकाराचा होता. माझ्यानंतर हा कोणी काढायचा नाही, असं त्यानं सांगून ठेवलं होतं. 1983 साली तो गेला, हातातली गोष्ट अर्धवट राहिली आणि ती तशीच, कच्च्या रेखाटनांसकट छापली गेली. विषय संपला. स्पिरू मात्र 1943 पासून प्रकाशकाचा आहे. त्याला काढणारी माणसं येतात, थकतात, भांडतात, निघून जातात. पोरगा तिथंच असतो.

शार्लरुआ शहराला लागून असलेल्या मार्सिनेलमध्ये झाँ द्युपुई यांचा छापखाना होता. मुलांसाठी साप्ताहिक काढायचं ठरलं आणि त्याच्या नायकासाठी त्यांनी रॉब-व्हेल या फ्रेंच चित्रकाराला गाठलं. हा गडी आधी मोठ्या प्रवासी जहाजांवर नोकरीला होता, त्यामुळे लाल गणवेशातला बेलबॉय त्याच्या रोजच्या पाहण्यातला. 21 एप्रिल 1938 ला पहिला अंक निघाला. त्यातलं पहिलं पान मी वर्गात आवर्जून दाखवते. हॉटेलच्या मालकाला बेलबॉय हवाय, पण मनासारखा मिळत नाही. मग बोलावणं जातं खुद्द रॉब-व्हेलला. तो कॅनव्हासवर एक पोरगा रंगवतो, त्यावर कसलंसं जीवनजल फवारतो आणि चित्रातला स्पिरू टुणकन बाहेर उडी मारून कामाला लागतो. मुलं हसतात. मला मात्र पुढचं ठाऊक असल्यामुळे ते पान जरा बोचतं, कारण पाचच वर्षांत याच चित्रकारानं त्याचे हक्क द्युपुईंना विकले. युद्ध चालू होतं, चित्रकार फ्रान्समध्ये, छपाई बेल्जियममध्ये, पानं वेळेवर पोचण्याची मारामार. (सुरुवातीच्या कामात रॉब-व्हेलच्या बायकोचा, दावीनचा, मोठा हात होता. तिचं नाव फारसं कोणी घेत नाही, म्हणून मी घेते.)

त्याच 1943 मध्ये जर्मनांनी साप्ताहिकही बंद पाडलं. युद्ध संपत आलं तेव्हा स्पिरू झिजे या चित्रकाराकडे होता. फाँतासिओ हा उंच, उतावळा मित्र त्यानंच जोडून दिला. झिजेच्या डोक्यात एका वेळी दहा कामं असत. 1946 मध्ये त्यानं चालू गोष्ट मध्यावरच बावीस वर्षांच्या आंद्रे फ्रांकँच्या हातात ठेवली आणि आपण दुसऱ्या कामाला लागला. ना समारंभ, ना घोषणा.

आता इथं मी रेंगाळणार. पुढची वीसएक वर्षं फ्रांकँनं जे केलं त्याला तोड नाही. त्याच्या रेषेत माणसं नुसती धावत नाहीत, धडपडतात, घसरतात, गाडीच्या टायरलाही घाम फुटेल अशी धावतात. शाँपिन्याक गावचा भूछत्रवेडा सरदार त्याचा. स्वतःला जगाचा भावी मालक समजणारा झोरग्लुब त्याचा. तो इतका हुशार, की चंद्रावर जाहिरात झळकवण्याचा घाट घालतो, आणि इतका वेंधळा, की त्याची दयाच यावी. आणि 1952 मध्ये जंगलातून आलेला मार्सुपिलामी, पिवळाधमक, अंगावर काळे ठिपके, आणि शेपूट तर काही मीटर लांब. त्या शेपटीची तो स्प्रिंग करतो, मूठ करतो, दोर करतो. एकदा त्याची शेपूट बघितलेलं मूल पुस्तक खाली ठेवत नाही.

पण सातबारा विसरू नका. स्पिरू दुसऱ्याचा होता. मार्सुपिलामी फ्रांकँनं स्वतः निर्माण केलेला. पानांचा रतीब त्याला झेपेना. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला नैराश्यामुळे चालू गोष्ट मध्येच थांबवावी लागली. शेवटी त्यानं मालिका सोडली ती मार्सुपिलामीचे हक्क स्वतःकडे ठेवून. त्याच्यानंतर आलेल्या फूर्निएच्या पहिल्या गोष्टीत तो प्राणी आहे, पण तोही फ्रांकँनंच काढून दिलेला. मग चार दशकांहून अधिक काळ स्पिरूच्या घरात त्याचं नावही नाही! 2013 मध्ये द्युपुईंनी मार्सुपिलामीचे हक्क असलेली कंपनीच विकत घेतली, तेव्हा कुठे 2016 च्या अल्बममध्ये (मालिकेतल्या एकेका पुस्तकाला तिकडे अल्बम म्हणतात) तो परतला. इतकी वर्षं त्याची आठवण कशी आली नाही? तर म्हणे स्पिरू-फाँतासिओची स्मृतीच पुसली गेली होती. वकिलांच्या कागदांमुळे पडलेलं भगदाड लेखकांनी गोष्टीतच बुजवलं, आणि हे मला मनापासून आवडलं.

फूर्निएकडे लोक उगाच नाक मुरडतात. तो फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातला. आपल्या मातीतला मृत्यूचा दूत आणि अणुवीज प्रकल्पाला असलेला विरोध त्यानं मुलांच्या साहसकथेत आणला, आणि ते सत्तरच्या दशकात. त्यानंतर प्रकाशकाचीच धांदल उडाली. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला एकाच नायकावर वेगवेगळ्या जोड्या काम करत होत्या. त्यातून तोम आणि जानरी टिकले, आणि त्यांनी मालिकेला पुन्हा वेग दिला. 1998 च्या त्यांच्या शेवटच्या अल्बममध्ये मात्र गंमत जवळजवळ गायब, चित्रं वास्तववादी, सूर काळोखा. वाचक तेव्हा भांडले, अजून भांडतात. मी तो अल्बम आवडणाऱ्यांपैकी, पण दहा वर्षांच्या मुलाला देणार नाही.

2006 पासून द्युपुईंनी आणखी एक दार उघडलं: मुख्य मालिका चालू ठेवून एकेका लेखक-चित्रकाराला ‘तुमचा स्पिरू’ काढायला द्यायचा. यातूनच एमिल ब्राव्होची पुस्तकं आली. त्याचा स्पिरू 1939 च्या ब्रुसेल्समधला भाबडा बेलबॉय आहे. पुढच्या चार खंडांत जर्मन ताब्यातलं शहर, उपासमार, पकडून नेले जाणारे ज्यू शेजारी, त्यात चित्रकार फेलिक्स नुसबाउम आणि त्याची बायको. साप्ताहिक बंद झालं तो काळ नायक पहिल्यांदा असा जगतो. एकाच लेखकाचा हट्ट असता तर हे झालं नसतं, आणि म्हणून प्रकाशकाच्या मालकीला मी नुसती नावं ठेवत नाही.

तरी ती मालकी काही पुण्यवान नव्हे. 2023 च्या एका अल्बममध्ये कृष्णवर्णीयांची चित्रं जुन्या वसाहती काळातल्या व्यंगचित्रांसारखी, वानरांच्या जवळ जाणारी होती. वर्षभरानं वाचकांनी आवाज उठवला तेव्हा 2024 मध्ये द्युपुईंना तो बाजारातून मागे घ्यावा लागला. छापण्याआधी कोणाच्याच नजरेला ते खटकलं नाही? मालक एकच असेल तर जाबही त्यालाच विचारणार.

2022 च्या अल्बमच्या तर नावातच स्पिरूचा मृत्यू होता. काही पालकांनी मला काळजीनं विचारलं. घाबरू नका, मालिका त्यानंतरही चालू आहे.

आणि ‘सुरुवात कुठून करू’ म्हणाल, तर आठ-दहा वर्षांच्या मुलांना फ्रांकँ द्या. इंग्रजीत सिनेबुक या प्रकाशनाच्या आवृत्त्या आहेत, झोरग्लुबची गोष्टही त्यांत मिळेल. ब्राव्हो तेराव्या-चौदाव्या वर्षी, आणि शक्यतो तुम्ही आधी वाचून. टिनटिनची पुस्तकं कपाटातून काढायची गरज नाही, दोघे शेजारी शेजारी राहतात नीट.