शेरा द्या, पण पेन्सिलीनं

"ताई, वाचून सांगा हं. अगदी स्पष्ट सांगा," असं म्हणून जो माणूस हस्तलिखित टेबलावर ठेवून जातो, त्याला स्पष्ट ऐकायचं नसतं. डीटीपीच्या धंद्यात हे मी फार लवकर शिकले. हरभट रोडच्या मागच्या बोळात माझं दुकान आहे. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, पीएच.डी.चे प्रबंध आणि पाऊस ओसरायला लागला की दिवाळी अंकांची कामं. कथा-कविता घेऊन येणारेही बरेच. सांगली पडली नाट्यपंढरी. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथं मराठी नाटक उभं केलं, तेव्हापासून गावाला टाळीची सवय लागलेली. टाळी चांगलीच, पण नाटकवाल्यांना तिच्याबरोबर खोकलाही ऐकू येतो. प्रवेश रेंगाळला की तिसऱ्या रांगेत कुणीतरी खोकतं, खुर्च्या करकरतात, आणि नटाला काय ते कळतं. कथा लिहिणाऱ्याच्या कानावर तो खोकला कधी जातच नाही. आमचा रविवारचा गट आहे तो त्यासाठीच.

गट म्हणजे फार काही नाही. रविवारी दुकान बंद असतं, वरची खोली रिकामी असते. हरिपूरचे कंडक्टर काका येतात. एसटीतून निवृत्त झाले आणि आठवणी लिहायला बसले. एक मराठी शिकवणारे सर आहेत. तासगावकडचे द्राक्षबागायतदार दादा आहेत, ते छाटणीच्या दिवसांत गायब होतात आणि माल उतरला की एकदम जाडजूड वही घेऊन उगवतात. मिरजेत नर्सिंग करणारी एक मुलगी आहे. बाकी चारदोन जण येऊन-जाऊन.

आधी आम्ही सगळं फोनवरच करायचो. बारा पानांची कथा टाकली की मिनिटाभरात पहिलं 'अप्रतिम' यायचं. त्यामागून अंगठे, फुलं, हात जोडलेले. बारा पानं मिनिटात कुणी वाचत नाही, हे टाकणाऱ्यालाही माहीत आणि म्हणणाऱ्यालाही. पण दोघंही खूश. एकदा काकांनी विचारलं, "शेवटी ती बाई माहेरी जाती का न्हाई?" तर अप्रतिमवाल्यांपैकी कुणालाच सांगता येईना. त्या दिवसापासून कागद.

कागदावर काम कसं चालतं ते जरा सविस्तर सांगते, कारण बाहेरगावच्या दोघातिघांनी विचारलंय. पानाच्या एकाच बाजूला छपाई, ओळींत दुप्पट अंतर, उजवीकडं चांगला चार बोटं समास. आणि डाव्या कडेला ओळींचे आकडे. हे आकडे फार कामाचे. "ते मधलं जरा ताणल्यासारखं वाटलं" असं कुणी म्हणालं की लेखक घरी जाऊन सगळंच मधलं कापून बसतो. तेच "ओळ ४१ ते ५६" असं म्हटलं की बोलणाऱ्यालाही पुन्हा बघावं लागतं, नक्की तिथंच का ताणलंय ते. प्रत्येकाला पेन्सिल द्यायची, पेन नाही. पेननं लिहिलं की माणूस मास्तर होतो. खुणा तीनच: आवडलं तिथं बरोबरची खूण, कळलं नाही तिथं प्रश्नचिन्ह, आणि लक्ष उडालं तिथं आडवी रेघ. रेघ मारायला लोक बिचकतात. म्हणून मी सांगून ठेवलंय, रेघ लेखकाच्या विरोधात नाही, त्या वेळी तुम्हाला भडंग दिसलं असेल तरी मारा. (भडंग असतंच. कित्येक पानांवर तेलाचे डाग आहेत आणि काही लेखक ते डागही शेरे समजून घरी घेऊन जातात.)

आता गंमत अशी की रेघा कशासाठी मारल्या याची कारणं माणसागणिक वेगळी निघतात. सर म्हणतात निवेदनाचा कोन बदलला, दादा म्हणतात पाल्हाळ झाला, नर्सिंगची मुलगी म्हणते तिथं मला झोप आली. पण रेघा एकाच ठिकाणी असतात. लेखकानं कारणं ऐकून घ्यावीत आणि सोडून द्यावीत, जागा मात्र लिहून घ्यावी. कारण लोकांना कुठं अडखळलं हे बरोबर कळतं, का अडखळलं हे ते अंदाजानं सांगतात. आणि त्यावर उपाय सांगायला लागले की मग तर विचारूच नका. सर उपाय सांगतात तेव्हा गोष्ट सरांची होते, दादा सांगतात तेव्हा ती द्राक्षबागेत शिरते.

एक अपवाद मात्र आहे, आणि तो आम्हाला पेवानं शिकवला.

सरांनी कथा आणली होती. हरिपुरात घडणारी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हरिपूर म्हणजे कृष्णा-वारणेचा संगम, सांगलीला लागूनच, आणि तिथल्या जमिनीत हळद साठवायची पेवं. तोंड अरुंद, आत पोट मोठं, हळद भरायची आणि तोंड लिंपून टाकायचं. २००५ च्या महापुरात पाणी शिरून कितीतरी पेवं बाद झाली, पण जुन्या लोकांना सगळं तोंडपाठ आहे. तर सरांच्या कथेत नायक पोलिसांपासून पळतो, लिंपलेलं पेव उकरतो, आत उडी मारतो आणि रात्रभर हळदीच्या राशीवर पडून स्वतःच्या आयुष्याचा विचार करतो. भाषा सुरेख. सगळ्यांच्या बरोबरच्या खुणा. काकांच्या कागदावर मात्र एकच शेरा होता, ओळ ८८ समोर: "मेला."

"कोण मेला?" सर.

"तुमचा हिरो. सर, बंद पेव उघडलं की लगेच कोण उतरत न्हाई ओ. आत हवा खराब झालेली असती. तोंड उघडं टाकायचं, वारं खेळू द्यायचं, मग दोरीला कंदील बांधून सोडायचा. कंदील विझला की माणूसबी विझला."

सर म्हणाले, कथा प्रतीकात्मक आहे. काका म्हणाले, असू दे की, पण प्रतीकालाबी श्वास लागतो.

आम्ही हसलो, पण मला काकांचं म्हणणं सोळा आणे पटलं. वस्तुस्थितीची चूक दिसली तर तिथं आडपडदा ठेवू नये, "मला आपलं असं वाटलं" असा मुलामाही लावू नये. सरळ सांगावं, आणि बरोबर काय तेही सांगावं. चवीची गोष्ट आणि माहितीची गोष्ट एकाच सुरात बोलली की घोळ होतो. लोक नेमकं उलटं करतात: आवडीनिवडीबद्दल ठासून बोलतात आणि चूक दिसली की संकोचतात. सरांनी कथा तशीच ठेवली बरं का. एका दिवाळी अंकात छापूनही आली. कुणाचं पत्र आलं नाही. दिवाळी अंक वाचणाऱ्यांत हरिपूरची माणसं कमी असावीत.

सरांचं वाचन मात्र दांडगं आणि जुन्या संपादकांच्या गोष्टी ऐकाव्यात त्या त्यांच्याकडूनच. 'सत्यकथा' मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन आलेल्या कथेवर लेखकाला पत्र लिहीत, काय जमलंय, कुठं फसलंय ते कळवत, पुन्हा लिहायला लावत. 'साभार परत' आलेलं पाकीट तेव्हा कितीतरी घरांत येऊन पडलेलं असायचं. १९६९ मध्ये लघुनियतकालिकवाल्या, म्हणजे प्रस्थापितांविरुद्ध स्वतःची छोटी मासिकं काढणाऱ्या तरुणांनी त्याच 'सत्यकथे'चा अंक जाळला. म्हणजे संपादकांनाही अभिप्राय मिळालाच म्हणायचा. १९८२ मध्ये मासिक बंद झालं. आता कथा पाठवली की एक तर छापून येते, नाही तर काहीच येत नाही. दिवाळी अंकांची पानं मीच लावते, त्यामुळं मला आतलं माहीत आहे: सप्टेंबरात संपादकाच्या डोक्यात जाहिराती असतात. पत्र लिहायला त्याला वेळ कुठला?

पत्रातून मोकळं बोलण्याचं आमच्या गावातलं उदाहरण म्हणजे समीक्षक म. द. हातकणंगलेकर. ते विलिंग्डन कॉलेजात इंग्रजी शिकवायचे, २००८ साली सांगलीत साहित्य संमेलन भरलं त्याचे अध्यक्षही तेच. कथाकार जी. ए. कुलकर्णी तिकडं धारवाडला. दोघांमध्ये वर्षानुवर्षं पत्रं चालली. मला यात अंतराचा भाग मोठा वाटतो. धारवाडचा माणूस सांगलीच्या माणसाला मोकळेपणानं लिहू शकतो. एकाच मंडईत भाजी घेणाऱ्या, एकमेकांच्या पोरांच्या लग्नाला जाणाऱ्या माणसांनी तोंडावर खरं बोलायचं, हे अवघड काम आहे. आमच्या आडव्या रेघा म्हणजे त्यातून काढलेली पळवाट. रेघ कुणी मारली हे विचारायचं नाही, असा नियम आहे. (काकांची रेघ ओळखू येते, ते तिकिटावर मारल्यासारखी मारतात.)

सगळ्यात अवघड जातं ते खऱ्या दुःखावरचं लिखाण. नर्सिंगच्या मुलीनं आईच्या शेवटच्या दिवसांवर लिहून आणलं. ज्या वॉर्डात ती शिकते तसल्याच वॉर्डात आई गेली. तिनं वाचलं आणि खोलीत कुणी बोलेना. कागदांवर सगळीकडं बरोबरच्या खुणा. मी स्वतः दोन मारल्या होत्या, एकही मनापासून नव्हती. लिखाणात सलाईन होतं, मॉनिटरचा आवाज होता, आईचा थंड हात होता, म्हणजे जे कुणाच्याही आईच्या बाबतीत लिहिता आलं असतं ते सगळं होतं. पण हे म्हणायचं कसं? आई गेलेल्या पोरीला ओळ ४१ सांगायची?

काकांनी पेन्सिल खाली ठेवली आणि विचारलं, "बाळ, तुझी आई भांडायची का गं कुणाशी?"

ती आधी दचकली. मग म्हणाली, "लई. नळावर. आमच्या गल्लीत पाणी एक दिसाआड यायचं, आणि आईचा हंडा पहिला नसला की संपलंच. एकदा तर नगरसेवकाच्या बायकोची कळशी उचलून गटारात ठेवली होती."

"हे का न्हाई लिहिलंस?"

"ते कसं लिहायचं, काका? ती गेलीय आता."

पुढं कुणी काही सुचवलं नाही. सर तोंड उघडत होते, मी त्यांना भडंगाची डिश दिली. पुढच्या खेपेला तिनं आणलेल्या मजकुरात नळ होता, कळशी होती, आणि वॉर्डातली आई शेजारच्या खाटेवरच्या बाईला "तुमचा पंखा इकडं का वळवलाय?" म्हणून विचारत होती. दोन लोकांच्या रेघा त्यातही होत्या. पोरगी खुशीत होती. तिच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं, "रेघ कुठं ते दाखवा की."

तेव्हापासून दुःखाचं लिखाण आलं की आम्ही मत देत नाही, प्रश्न विचारतो, आणि तोही माणसाबद्दल. मजकुराबद्दलचं बोलणं नंतर, लिहिणाऱ्यानं स्वतः काढलं तरच. हे सगळीकडं लागू पडेल असं नाही. माणूस कच्चा असेल तर साधा प्रश्नही लागतो, आणि एक बाई आमच्याकडं एकदाच आल्या त्या अशाच प्रश्नानंतर आल्या नाहीत. त्यांना नुसतं ऐकून घेणारं कुणी हवं होतं. तेही चुकीचं नाही, पण ते आधी विचारून घ्यायला हवं. म्हणून आता वाचायच्या आधी लेखकानं सांगायचं: आज काय हवंय. "फक्त ऐका" म्हटलं तरी चालतं. मग पेन्सिली खाली.

ऐकणाऱ्यासाठीही एक नियम आहे, तो पाळताना लोकांचे हाल होतात. सगळ्यांचं बोलून होईपर्यंत लेखकानं गप्प बसायचं. "नाही, त्याचा अर्थ असा की" ही सुरुवात बंद. दादांना हे बिलकूल जमत नाही. ते खिडकीपाशी जाऊन उभे राहतात आणि पाठ करून ऐकतात. पण त्यांनाच पटलेलं आहे की जे कागदावर नाही ते तोंडानं पुरवत बसलो, तर कथेबरोबर आपल्यालाही छापावं लागेल.

माझ्या लिखाणाचं काय, असं तुम्ही विचाराल. खोली माझी, छपाई माझी, चहा माझा. त्यामुळं मी काही वाचलं की पेन्सिली आपोआप बोथट होतात. म्हणून मी गेल्या पावसाळ्यात नाव न घालता चार पानं गठ्ठ्यात सरकवली आणि म्हटलं, एका गिऱ्हाइकाची आहेत. सरांनी पहिल्या परिच्छेदावर लांबलचक आडवी रेघ ओढली आणि म्हणाले, "गिऱ्हाइकाला सांगा, गोष्ट दुसऱ्या परिच्छेदापासून सुरू होते." दादांना बाईचं पात्र कळलं नाही. काका म्हणाले, सांगली स्टँडावरनं त्या वेळेला इस्लामपूरची गाडी सुटत न्हाई.

माझीच पानं आहेत असं सांगितल्यावर एकच गडबड. "तसं नाही ताई, परिच्छेद तसा छान आहे," सर. दादांना बाई अचानक कळली. मी म्हटलं, खोडरबर या खोलीत नाही, शेरा मागं घ्यायचा नाही. काका मात्र जागचे हलले नाहीत. गाडीची वेळ त्यांनी समासात लिहूनच दिली. परिच्छेद मी काढला. बाई आहे तशीच ठेवलीय, कारण दादांना कळली नाही तरी माझ्या मते ती तशीच आहे. गाडीची वेळ बदलली, आणि त्यामुळं तिला स्टँडावर पाऊण तास जास्त बसावं लागलं, त्या पाऊण तासात काय होतं ते आता लिहितेय.

पुढच्या रविवारी दादांची पाळी. माल उतरलाय, वही जाड आहे. खिडकीपाशी एक खुर्ची ठेवीन म्हणते.