आजी म्हणाल्या, मशीन खय आसा?

मी मूळचा घाटावरचा, नोकरी मालवण तालुक्यात झेडपी शाळेवर. देवबागला ड्युटी लागली म्हटलं की गावाकडचे मित्र म्हणतात मजा आहे बुवा तुझी. आहेच. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, मधे वाळूची चिंचोळी पट्टी आणि तिच्यावर माडाच्या सावलीत अख्खं गाव, पट्टी संपते तिथे संगम आणि पलीकडे भोगवे. फक्त मी गेलो होतो गळ्यात ओळखपत्र आणि हातात खाकी पाकिटं घेऊन.

२०२४ ची लोकसभा, आमच्याकडे मतदान ७ मे ला. ८५ च्या पुढच्यांना आणि ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्यांना घरून मतदान, लोकसभेला हे पहिल्यांदाच. लोकांना वाटतं आम्ही मशीन घेऊन फिरतो. नाही हो, पोस्टलची मतपत्रिका असते, पेनने खूण करायची. पुठ्ठ्याचा आडोसा घरातल्या टेबलावर उभा करायचा, १३अ म्हणजे घोषणापत्रावर सही नाहीतर अंगठा, मतपत्रिका घडी घालून १३ब च्या छोट्या पाकिटात, ते आणि १३अ मिळून १३क च्या मोठ्या पाकिटात. घडी जाड झाली की छोटं पाकीट फुगतं, त्यात दमट हवा, डिंक वाळत नाही, मी प्रत्येक पाकीट वहीखाली दाबून मनात शंभर मोजायचो. माझं एकही पाकीट उघडं राहिलं नाही, याचं कौतुक कुणी केलं नाही. कौतुक झालं ते ग्रुपवर टाकलेल्या फोटोंचं.

तर चौथं घर. आजी ८७ वर्षांच्या, आम्ही गेलो तेव्हा खळ्यात आमसुलं वाळत घालत होत्या. नातवाचा होमस्टे, त्यानेच १२ड, म्हणजे घरून मतदानाचा अर्ज, भरून दिलेला, आजीचा अंगठा घेऊन, कशाचा ते न सांगता. मी आडोसा मांडला, आजींनी सगळीकडे बघितलं.

"मशीन खय आसा?"

म्हटलं आजी, कागदावर आहे, इथेच बसून करायचं.

"ता पत्र झाला, मत न्हय. बटान दाबल्यार पीं वाजता तेवा मत पडता. मी काय आंथरुणार पडलंय? शाळेत जावन देतलंय."

आता गोम अशी, की १२ड एकदा मंजूर झाला की यादीत नावापुढे पीबी, म्हणजे पोस्टल बॅलट, लागतो आणि केंद्रावर मत देता येत नाही. मागे घ्यायची सोय आमच्या हातात नाही. हे मी तीनदा सांगितलं, तिसऱ्यांदा जरा आवाज चढवून, तो चढवायला नको होता. व्हिडिओवाला शूट करतोय, पोलीस घड्याळ बघतोय, मायक्रो ऑब्झर्व्हर साहेब सोलकढी पितायत. नातू म्हणाला, "आये, दी गो, लोकां कामाची आसत." आजींनी आमसुलं भरलेलं सूप उचललं आणि मागच्या दारी गेल्या.

दुसरी फेरी असते, ती शेवटची. गेलो तर आजी होडीने भोगव्याला बहिणीकडे. नातू ओशाळला होता. मला उगाच वाटलं, त्या आम्हाला टाळायलाच गेल्या.

७ तारखेला माझी ड्युटी दुसरीकडे होती. देवबागच्या केंद्रावरचा एकजण नंतर म्हणाला, एक म्हातारी आली होती रे, नऊवारी, केसात अबोली, नावापुढे पीबी. समजावून परत पाठवली. म्हटलं काही बोलली का? म्हणे भांडली वगैरे नाही, मशीन कुठे ठेवलंय तेवढं विचारलं, लांबून बघितलं आणि गेली.

आम्ही नियमाप्रमाणेच केलं. बीएलओने, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्याने, फॉर्म घेताना आजींशी दोन मिनिटं बोलायला हवं होतं, पण त्याच्याकडेही गठ्ठा होता. आणि पहिल्या फेरीत मी आवाज न चढवता जरा खळ्यात बसलो असतो तर? माहीत नाही.

२० नोव्हेंबरच्या विधानसभेच्या वेळी घरच्या मतदानाची यादी परत हातात आली. आधी देवबागचं पान काढलं. आजींचं नाव नव्हतं. म्हणजे या वेळी फॉर्म भरला नाही, असं मी धरून चाललोय. नातवाचा नंबर आहे माझ्याकडे, विचारायला फोन मात्र केलेला नाही.